काळीचा उतारा पेटीत, पांढरीचा कागद कुठे?



आपल्या वाडवडिलांनी गावाचे दोन भाग मानले. पिकते ती काळी आणि वस्ती असते ती पांढरी. काळीवर आपला मोठा जीव. तिचा सात-बारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा हे सारे ट्रंकेत घडी करून ठेवलेले असते. बांध वीतभर सरकला तरी तंटा तालुक्याला जातो. पण ज्या घरात आपला पाळणा हलला आणि जिथून वडिलांना शेवटचा निरोप दिला, त्या पांढरीतल्या घराचा कागद दाखवा म्हटले की बहुतेक घरांत एकच चीज पुढे येते. ती म्हणजे घरपट्टीची पावती. आणि तीसुद्धा पुष्कळदा पंधरा-वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावाची!

शेतीखात्याच्या नोकरीत गोठा, कांदाचाळ, ठिबक अशा कामांचे कागद पाहताना घराघरांतल्या ट्रंका माझ्यासमोर उघडल्या गेल्या. त्यावरून एक गोष्ट मनात पक्की झाली. शेताच्या कागदाला आपण जेवढे जपतो, त्याच्या निम्म्याने घराच्या कागदाला जपले, तर भावाभावांतली किती तरी भांडणे सुरूच होणार नाहीत.

पांढरीला सात-बारा का नाही?

इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी झाली ती मुख्यतः सारा ठरवण्यासाठी. ज्या जमिनीत पीक येते तिला सर्व्हे नंबर पडले, तिची प्रतवारी झाली. गावठाण मात्र बहुतेक गावांत एकच तुकडा म्हणून सोडून दिले गेले. त्यामुळे आत कोणाचे घर कुठून कुठपर्यंत, याची नोंद महसुलाच्या दप्तरात आलीच नाही.

पुढे ग्रामपंचायती आल्या. त्यांनी घरपट्टी बसवण्यासाठी जी नोंदवही ठेवली, तोच आपला 'नमुना ८'. या वहीचा हेतू कर आकारण्याचा आहे. कर कोणाकडून घ्यायचा, एवढेच ती सांगते. घराचा मालक कोण, हे ती ठरवत नाही. करनोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. पण म्हणून पावत्या चुलीत घालू नका. ताबा आणि वहिवाट दाखवायला त्यांचा चांगला आधार मिळतो. फक्त त्या पावत्यांवर विसंबून निर्धास्त राहू नये.

तीच गोष्ट शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर लिहून घेतलेल्या खरेदीची. 'नोटरी केली आहे' असे लोक छातीठोक सांगतात. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदणीकृत दस्तानेच पुरी होते, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. आज शंभर रुपयांत गावठाणातली हातभर जागाही येत नाही. तेव्हा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले खरेदीखत हवेच.

वाटणी शेताची झाली, घराची राहिली

वडील जातात. तेराव्यानंतर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो. महसूल कायद्याप्रमाणे असा मिळालेला हक्क तीन महिन्यांच्या आत कळवायचा असतो. पुढे भाऊ वेगळे होतात, तेव्हा महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून जमिनीची वाटणी करून घेतात. पण ही वाटणी साराआकारणीच्या जमिनीची असते. गावठाणातले घर तीत येत नाही. घराची वाटणी होते ती तोंडी. थोरल्याला ओसरी आणि माजघर, धाकट्याला मागचे दोन खण आणि गोठा. मध्ये एक भिंत उभी राहते आणि सगळ्यांना वाटते की काम झाले.

वाटणी करणारे भाऊ हयात असतात तोवर ती भिंत टिकते. पंचाईत होते ती पुढच्या पिढीत. माझ्या ओळखीच्या एका घरात धाकटा भाऊ अकाली गेला. त्याची बायको दोन मुलांना घेऊन तिच्या दोन खणांत राहत होती. पत्रे काढून स्लॅब टाकायचा तिने विचार केला, तेव्हा पुतण्या आडवा आला. 'घर आजोबांच्या नावावर आहे, काकूंचे नाव कुठे आहे?' असे तो म्हणाला. कायद्याने नवऱ्याचा वाटा तिचा आणि मुलांचा होता, त्यात शंका नव्हती. पण तो दाखवायला कागद एकही नव्हता. मृत्यूचे दाखले, जुन्या पावत्या, शेजाऱ्यांचे जबाब गोळा करण्यात तिची तीन वर्षे गेली. तेवढ्या वर्षांत पावसाळे आले, त्या गळक्या पत्र्याखालीच आले.

म्हणून सांगणे असे की शेताची वाटणी होईल त्याच सुमारास घराचेही वाटणीपत्र करा आणि ते नोंदवून घ्या. त्यात नुसते 'उत्तरेकडील निम्मे घर' असे लिहून भागत नाही. भांडण निम्म्या घरावरून क्वचित होते, ते बारक्या गोष्टींवरून होते. सोबत साधा नकाशा जोडा आणि एवढे तरी स्पष्ट लिहा. मधली भिंत सामाईक की एकाची? पन्हाळीचे आणि मोरीचे पाणी कोणत्या बाजूने जायचे? जनावरे परसात न्यायची वाट किती फुटांची आणि कोणाच्या हद्दीतून? जिना, शौचालय, पाण्याचा नळ आणि विजेचा मीटर कोणाचा? अंगण सामाईक ठेवायचे असेल, तर त्यावर पुढे कोणी बांधकाम करायचे की नाही? आणि म्हातारी आई कोणत्या खोलीत राहणार, तेही लिहा. तिला पाहुण्यासारखे एका दारातून दुसऱ्या दारात जावे लागू नये.

ड्रोन गावावरून गेला, पुढे काय?

गावठाणाची मोजणी आता होऊ लागली आहे. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी २०१८ मध्ये ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीने गावोगाव मोजणी सुरू झाली. १८ जानेवारी २०२५ या एका दिवशी देशभरात ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या. पांढरीला पहिल्यांदाच काळीसारखा कागद मिळतो आहे.

पण हा कागद कसा तयार होतो, ते समजून घ्या. आधी प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुना टाकतात. वरून ड्रोन छायाचित्रे घेतो. त्यावरून नकाशा होतो. मग भूमी अभिलेख खात्याचे लोक गावात येऊन कोणती मिळकत कोणाची याची चौकशी करतात. हरकती ऐकल्या जातात आणि शेवटी सनद व मिळकत पत्रिका मिळते. या साखळीत घरमालकाने हजर राहायचे दोन दिवस आहेत. एक चुना टाकण्याचा आणि दुसरा चौकशीचा. चुन्याच्या दिवशी आपण ऊसतोडीला किंवा बाजाराला गेलो, तर परसातली गंजीची जागा शेजाऱ्याच्या रेघेत जाऊ शकते. आणि चौकशीच्या दिवशी पहिला आधार बहुधा ग्रामपंचायतीच्या नोंदीचाच घेतला जातो. तिथे अजून आजोबांचे नाव असेल, तर नव्या कागदावरही आजोबाच उभे राहण्याचा धोका असतो.

तेव्हा मोजणी गावात येण्याआधीच मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) अर्ज द्या आणि पोच घ्या. मोजणी होऊन गेली असेल, तर पत्रिकेची नक्कल काढून नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा वाचा. चूक दिसली तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे लेखी अर्ज द्या. मिळकत पत्रिकेवरची वारसनोंदही त्याच कचेरीत होते.

कारभारीण आणि माहेरवाशीण

घर सारवते, रंगवते, पाहुणा राखते ती कारभारीण. घराच्या कागदावर मात्र तिचे नाव नसते. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावे, असा शासन निर्णय २००३ मध्येच निघाला आहे. त्यासाठी नवऱ्याने अर्ज द्यायचा असतो, एवढेच काम आहे. ही करनोंदच आहे हे खरे, पण उद्या चौकशीला माणसे आली म्हणजे तिचे नाव दिसते. खरा हक्क द्यायचा असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करता येते. राहते घर किंवा शेतजमीन पत्नी, मुलगा, मुलगी यांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्याशिवाय नोंदणी फी आणि ठिकाणाप्रमाणे स्थानिक अधिभार येतो, तो निबंधक कचेरीत आधी विचारावा.

लेकींविषयीही मन मोकळे ठेवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होते. राहत्या घराची वाटणी भावांनी काढल्याशिवाय बहिणीला मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलम गेले. वडिलार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत, पण मुलीला वाटा त्यांतही आहे.

पुष्कळ बहिणी आपखुशीने हक्कसोड लिहून देतात. तो त्यांचा मोठेपणा. पण भाऊबीजेचे ताट बाजूला सारून घाईने सही घेऊ नका. तिला कागद वाचून दाखवा, तिच्या घरी विचार करू द्या आणि शेत व घर वेगवेगळे सांगा. एखादी म्हणते, 'शेतातला वाटा तुला घे दादा, पण घरातली एक खोली माझी राहू दे.' लग्न झालेल्या बाईवर माहेरी परत येण्याची वेळ येते, तेव्हा तिला एकर नको असते. दार उघडे हवे असते.

शेतातले घर

आता पुष्कळ कुटुंबे मळ्यात राहायला गेली आहेत. आपल्याच शेतात शेतीच्या सोयीसाठी कुटुंबाच्या राहण्याचे घर, गोठा किंवा धान्याची कोठी बांधणे हे महसूल कायद्यात शेतीच्याच वापरात धरले आहे. त्याचे दुकान किंवा मंगल कार्यालय करायचे असेल, तर नियम निराळे. ते नियम बदलतही असतात, म्हणून आधी तहसील कचेरीत चौकशी करा.

एक मात्र विसरू नका. जमीन विकली, तर वेगळे लिहिले नसल्यास तिच्यावरचे घरही तिच्याबरोबर जाते. एका गटावर सामाईक घर बांधून गट एकाच भावाच्या वाट्याला गेला, तर दुसऱ्याचा खर्च हवेत राहतो. कर्जाचेही तसेच. शेतकऱ्याचे राहते घर साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नाही, असे संरक्षण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. पण तेच घर आपण स्वतः तारण लिहून दिले, तर ही ढाल उपयोगी पडत नाही. सही करण्यापूर्वी तारणाच्या कागदात काय काय धरले आहे ते वाचून घ्या.

या आठवड्यात एवढे करा

१. नमुना ८ चा ताजा उतारा काढा आणि नाव कोणाचे आहे ते पाहा.
२. वारलेल्या माणसाचे नाव असेल, तर वारसांसाठी अर्ज द्या.
३. गावठाणाची मोजणी झाली की व्हायची आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा.
४. कारभारणीचे नाव लावण्याचा अर्ज त्याच फेरीत द्या.
५. घरातल्या वडीलधाऱ्यांना जुन्या हद्दी विचारून वहीत लिहून ठेवा. शक्य असेल तर मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत.

सध्या भाऊ एका पंगतीला बसत असतील आणि आई-आबा ओसरीवर बसून जुन्या खुणा सांगत असतील, तर घराचा कागद करायला याहून चांगला मुहूर्त नाही. पंगत मोडल्यावर वकील भेटतात, साक्षीदार मात्र भेटत नाहीत.