कायदा स्वस्त, अंमल महाग

एखादी संतापजनक घटना घडली की आपल्याकडे पहिली मागणी ठरलेली असते : कडक कायदा करा! कायदा होतोही. वर्तमानपत्रांत मथळे झळकतात आणि समाज सुटकेचा निःश्वास टाकतो. मात्र त्या कायद्यासाठी माणसे किती नेमली, पैसा किती ठेवला आणि त्यापायी आपण काय गमावणार, हे प्रश्न विचारायचे राहून जातात. घरातल्या छळाविरुद्ध आणि इंटरनेटवरच्या छळाविरुद्ध आपल्या देशात झालेल्या दोन कायद्यांचा जमाखर्च या दृष्टीने मांडून पाहण्यासारखा आहे.

आधी घरातल्या छळाकडे पाहू. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले. छळ करणाऱ्या नवऱ्याला आणि सासरच्यांना त्यामुळे तुरुंगात पाठवता येऊ लागले. पण मार खाल्लेल्या बाईपुढचा पहिला प्रश्न बहुधा वेगळाच असतो : आज रात्री मुलांना घेऊन कुठे झोपायचे? २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने त्याचे उत्तर दिले. राहत्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चासाठी पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई हे सारे एका अर्जात मागता येते. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि पुढे साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे या कायद्यात लिहिले आहे.

ही सारी यंत्रणा संरक्षण अधिकारी या एका माणसावर उभी आहे. अर्ज लिहून देणे, घटनेचा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे, दवाखाना, निवारा आणि मोफत वकील मिळवून देणे ही कामे त्याची. आणि नेमका इथेच सरकारने हात आखडता घेतला. अनेक राज्यांनी हे पद 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या गळ्यात घातले. कर्नाटकात ते बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे आले. अंगणवाड्या आणि पोषण आहार सांभाळून उरलेल्या वेळात हिंसाचाराच्या तक्रारी! १ जुलै २०२२ रोजी देशभरात या कायद्याखालची सुमारे ४.७१ लाख प्रकरणे प्रलंबित होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले, की जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी सहा आठवड्यांत नियुक्त करा. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षे उलटली होती.

गरज किती मोठी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते. कर्नाटकात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसलेल्या शंभरपैकी ७७ जणींनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही.

खर्चाचे कारण पुढे करणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजसेविका बसतात. पुढे राज्य शासनाने हा प्रयोग उचलून धरला. त्याचा मुख्य खर्च म्हणजे काही पगार आणि एक खोली. हा खर्च टाळला म्हणून तो संपत नाही. तो माहेरच्या म्हाताऱ्या आईबापांवर, सरकारी दवाखान्यांवर आणि शाळा सुटलेल्या लेकरांवर पडतो. कोणत्याही अंदाजपत्रकात मात्र तो दिसत नाही.

दुसऱ्या कायद्याची गोष्ट याच्या उलट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम २००९ साली लागू झाले. 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम होते. आक्षेपार्ह म्हणजे काय, हे ठरवणार ठाण्यातले पोलीस. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या 'लाइक' केल्या, आणि दोघींना अटक झाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेसह अनेक याचिकांवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. तरीही काही ठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.

हे कलम लिहायला सरकारला काही खर्च आला नाही. किंमत मोजली ती सामान्य माणसाने, आपल्या बोलण्याच्या स्वातंत्र्याने. जिचे फोटो कोणी पसरवतो, जिचा कोणी मोबाईलवर पिच्छा पुरवतो, तिच्यासाठी वेगळी, नेमकी कलमे आज भारतीय न्याय संहितेत आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहेत. पण तिची तक्रार समजून घेणारा, पुरावा जपून ठेवणारा प्रशिक्षित पोलीस हवा. म्हणजे पुन्हा प्रश्न माणसांचा आणि पैशांचाच येतो.

आपल्या सीमाभागात लेकीबाळी राज्याची हद्द ओलांडून नांदतात. गडहिंग्लज, चंदगडची मुलगी बेळगावात येते, इथली सांगलीला जाते. म्हणून एक गोष्ट घरोघरी ठाऊक हवी. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज ती सध्या जिथे राहते तिथल्या, अगदी माहेरच्या गावच्या, न्यायालयातही करता येतो. तिथे मिळालेला आदेश देशभर लागू होतो. स्त्रीला तिचे उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि आदेशाची प्रत मोफत मिळते.

निवडणुकीत उमेदवार दारात येतात तेव्हा आपण रस्ते आणि पाण्याचे विचारतो. ते विचारावेच. सोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत : आपल्या तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी आहे का? आणि रात्री घराबाहेर पडावे लागलेल्या बाईसाठी जिल्ह्यात निवाऱ्याच्या किती जागा आहेत? नव्या कायद्याची मागणी करण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवू या.