होडीतील वितळतार

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी विजेवर चालणारी लहानशी होडी बिनतारी संदेशांनी हाकून दाखविली. तशी होडी आज नागपूरच्या फुटाळा तलावात तुम्हीही सोडू शकाल. मात्र जोडणी नीट हवी.

समजा, बॅटरी ७.४ व्होल्टची व मोटरच्या वेटोळ्यांचा रोध ०.२ ओहम आहे. फिरणारी मोटर स्वतःच उलट विद्युत्‌दाब निर्माण करते, म्हणून प्रवाह आटोक्यात राहतो. पंख्यात शेवाळ अडकून ती थांबली, की हा उलट दाब शून्य! मग प्रवाह ३७ अँपिअरपर्यंत चढू शकतो. बारीक तार तापते, वेष्टन वितळते. लिथियमची बॅटरी पेटूही शकते. यासाठी वितळतार बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून बसवावी. बॅटरी आणि वितळतार यांच्यामधल्या तारेला संरक्षण नसते, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा.

चालू करताना वेगाचा दांडा शून्यावर ठेवून आधी हातातला प्रेषक सुरू करावा, मग बॅटरी जोडावी. बंद करताना क्रम उलटा. संदेश न मिळणारा ग्राहक भलत्याच लहरींना आज्ञा समजला, तर पंखा अचानक फिरून बोटे कापतील. नव्या संचांत याला आळा असतो. पण त्यावर विसंबू नये.

पहिली चाचणी घरच्या टबातच, होडी दोरीने बांधून घ्यावी. मिनिटभराने बॅटरी काढून तारांना हात लावून पाहावा. तार गरम लागली, तर ती जाड हवी.