झाडाच्या सालीवरील एक दुर्मिळ दगडफूल

गोड्या मसाल्यांतील दगडफूल आमच्या वाचकांच्या घरोघर असतें. पण तें काय आहे हें पुष्कळांस ठाऊक नसतें. नांव दगडफूल असलें तरी तें झाडांच्या सालीवरही वाढतें. ही एकच वनस्पति नसून बुरशी व शेवाळ यांचा एकत्र संसार होय. बुरशीनें घर बांधून ओल धरावी व शेवाळानें सूर्यप्रकाशावर अन्न करावें, अशी त्यांची वांटणी आहे. बांडगुळाप्रमाणें तें झाडाचा रस शोषीत नाहीं. साल हा त्याचा केवळ आसरा.

याच वर्गांतील 'एरिओडर्मा पेडिसेलॅटम' ही जात आज जगांत अत्यंत दुर्मिळ झाली आहे. कॅनडाच्या पूर्वेकडील कँपोबेलो बेटावर १९०२ सालीं ती प्रथम गोळा करण्यांत आली. तिच्या पृष्ठभागावर बारीक लव असते. ती सुकली म्हणजे करडी व भिजली म्हणजे निळसर दिसते. समुद्राजवळच्या थंड, दमट रानांत बाल्सम फर या सूचिपर्णी वृक्षाच्या खोडावर ती विशेषेंकरून राहते. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींप्रमाणें हिच्यांतील शेवाळही हवेंतील नत्र धरतें, आणि ती गळून कुजली म्हणजे तो नत्र रानाच्या मातीस मिळतो.

हिची वाण टिकणें कठीण. बुरशीचे बीजाणु उडून ओल्या सालीवर पडावे आणि तेथें योग्य शेवाळ भेटावें, तरच नवी वाढ होते. त्यांत संकटें तीन. धुरांतील गंधकानें पाऊस आम्ल होतो व साल बिघडते. स्वीडनमधून तर ती नाहींशीच झाली. दुसरें संकट वृक्षतोडीचें: तिचें एक झाड राखून भोंवतालचें रान तोडलें, तर ऊनवारा आंत शिरून ओल जाते. तिसरें चराईचें: न्यूफाउंडलंड बेटावर १९०४ सालीं मूस नांवाचीं सांबरासारखीं मोठीं जनावरें आणून सोडलीं, त्यांची प्रजा आतां फरचीं कोवळीं झाडें खाते, मग जुनीं पडल्यावर तिनें बसावें कोठें?

अटलांटिक किनाऱ्यावरील तिची वस्ती दोन दशकांत शेंकडा ९० हून अधिक घटल्यामुळें २००२ सालीं कॅनडांत ती संकटग्रस्त ठरली, व २००३ सालीं जागतिक निसर्गसंरक्षण संघानें तिला अतिसंकटग्रस्त म्हटलें. पुढें अलास्का व कामचाटका येथेंही ती आढळली. तथापि शोध लागला म्हणून धोका टळत नाहीं.

आमच्या गांवच्या कागदांत झाडें मोजलीं जातात. सालीवर काय जगतें यास रकाना नाहीं. म्हणून वाचकांस आमची विनंति इतकीच: आंब्याफणसाच्या खोडावरील दगडफूल रोग समजून खरवडूं नये, देवराईंतील व बांधावरील जुनें झाड एकटें न ठेवतां सोबत्यांसह राखावें, आणि त्याच्या बुंध्याशीं उगवलेल्या रोपास गुरांपासून कुंपण घालावें. जुन्या झाडाचा वारस वाढला, तरच त्याच्या आश्रिताचा वंश चालेल.