शील्डवर कोण आहे?

‘अम्मी, शील्ड! शील्डवर कोण आहे?’

‘मी तोफेवर आहे! तू बघ ना!’

‘मी इंजिनावर आहे. सोडलं तर आपण दगडावर आपटू!’

इफ्तारची भांडी नुकतीच विसळून झाली होती. इशाच्या अजानला अजून अर्धा-पाऊण तास होता. शेजारच्या काकू आमच्याकडून गेलेला डबा परत द्यायला आल्या होत्या. डबा रिकामा परत करायचा नाही ही त्यांची रीत, म्हणून आत रव्याचे लाडू. दारातच थबकून त्या म्हणाल्या, ‘अगं, भांडताय की काय दोघं?’

मी मान न वळवता म्हटलं, ‘नाही काकू, जहाज वाचवतोय.’

टीव्हीच्या पडद्यावर आमचं जहाज होतं. पाण्यातलं नव्हे, अंतराळातलं. गोल, गुलाबी, झगमगतं. त्याची पुढची भिंत काढून टाकल्यासारखी, त्यामुळे आतले मजले, शिड्या आणि त्यांवरून धावणारी दोन इवलीशी माणसं स्पष्ट दिसत होती. एक मी, एक माझा नववीतला मुलगा. चारही बाजूंनी शत्रू चालून येत होते.

या खेळाचं नाव ‘लव्हर्स इन अ डेंजरस स्पेसटाइम’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच होते. आईने मुलाबरोबर खेळायचा हा खेळ? पण नावात आहे तेवढंच. कथेप्रमाणे विश्वाला प्रेमाची ऊर्जा पुरवणारी एक अणुभट्टी फुटते, प्रेमाचे वैरी सगळीकडे पसरतात आणि ससे, बेडूक अशा गरीब जीवांना पिंजऱ्यात कोंडतात. आपण जहाज घेऊन जायचं आणि त्यांना सोडवायचं. कॅनडाचे गायक ब्रूस कॉकबर्न यांचं १९८४चं एक गाजलेलं गाणं आहे, ‘लव्हर्स इन अ डेंजरस टाइम’. खेळाचं नाव त्याचीच आठवण करून देतं. खेळ रचणारी मंडळीही कॅनडातलीच, टोरांटोची. २०१२च्या जानेवारीत ‘ग्लोबल गेम जॅम’ झाला होता. एका शनिवार-रविवारात खेळाचा कच्चा आराखडा उभा करायचा, असा तो जगभरचा उपक्रम. तिथे या जहाजाचा पहिला नमुना तयार झाला. ‘अ‍ॅस्टेरॉइड बेस’ या त्यांच्या छोट्या कंपनीने पूर्ण खेळ बाजारात आणला तो २०१५च्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे दोन दिवसांत सुचलेल्या गोष्टीवर साडेतीन वर्षांहून जास्त मेहनत.

आता या खेळातली गंमत, आणि गोमही, समजून घ्या. पहिल्या जहाजावर कामाच्या जागा आठ. चार दिशांना चार तोफा. एक इंजिन, जे जहाजाच्या कडेने फिरवायचं. ते ज्या बाजूला असेल त्याच्या उलट दिशेला जहाज जातं. एक शील्ड, म्हणजे ढाल. तीही कडेने फिरते, पण एका वेळी एकाच बाजूचं रक्षण करते. एक मोठी तोफ, जी डागल्यावर पुन्हा तयार व्हायला वेळ घेते. आणि एक नकाशा. जागा आठ, माणसं दोन. एका जागेवर बसलं की दुसरीकडचं काही करता येत नाही. ती जागा सोडायची, शिडीवरून धावायचं, दुसरी पकडायची. तेवढ्यात तिसरीकडून मारा सुरू झालेला असतो.

काकूंनी पाच मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, ‘हे तर लग्नघर आहे गं. आचारी ओरडतोय, भटजी ओरडतायत, आणि मुलीकडची माणसं दोनच.’

मला मात्र इफ्तारच्या आधीचा स्वयंपाकघरातला शेवटचा चतकोर तास आठवतो. कढईत भजी, ओट्यावर अर्धी चिरलेली फळं, सरबतात साखर पडली की नाही ते आठवत नाही, खजूर कुठे ठेवले ते सापडत नाही, आणि दारात कुणीतरी थाळी घेऊन उभं. घड्याळ थांबत नाही. स्वयंपाकघराच्या याच धांदलीवर एका ब्रिटिश कंपनीने २०१६मध्ये ‘ओव्हरकुक्ड’ नावाचा खेळ काढला आणि तोही खूप चालला. धांदलीत माणसांना मजा का येते, हे कोडंच आहे. कदाचित खेळातली धांदल संपते म्हणून.

आमच्या घरात हा खेळ कसा आला, ते सांगते. मुलाचे अब्बा कुवेतला असतात. आमच्या कोकणात हे काही नवल नाही. गल्लीतल्या दर दुसऱ्या घरातला कर्ता माणूस आखातात आहे. गेल्या सुट्टीवर येताना त्यांनी ‘निंटेंडो स्विच’ हे खेळायचं यंत्र आणलं. त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे कंट्रोलर असतात. ते सुटे करता येतात, एक एकाच्या हातात, एक दुसऱ्याच्या. सुट्टी संपली, बापलेकाची जोडी फुटली. मुलगा एकटाच खेळू लागला.

एकट्याने खेळायचं असेल तर जोडीला एक पाळीव प्राणी मिळतो, कुत्रा किंवा मांजर. त्याला सांगायचं, या तोफेवर जा, त्या ढालीवर जा. तो मुकाट्याने जातो. एके रात्री मुलगा खोलीबाहेर आला आणि म्हणाला, ‘अम्मी, एक माणूस हवंय.’

मी म्हटलं, ‘कुत्रा आहे ना?’

‘त्याला सगळं सांगावं लागतं. तू स्वतः बघशील.’

हे वाक्य मला लागलं. का, ते कळायला एक वर्ष मागे जावं लागेल.

गेल्या रमजानची गोष्ट. माझ्या सासूबाईंना, म्हणजे मुलाच्या दादीला, रक्तदाबाची गोळी रोज संध्याकाळी द्यायची असते. वय आणि आजारपणामुळे त्या रोजे ठेवत नाहीत, पण इफ्तारला आमच्याबरोबर बसतात. रमजानमध्ये घराचं सगळं वेळापत्रकच बदलतं. दादीची थाळी मुलगा नेऊन देतो, म्हणजे गोळीही तोच देत असणार, असं मी धरून चालले. थाळी अम्मीने भरली, म्हणजे गोळीही तिने दिलीच असणार, असं त्याने धरलं. चौथ्या दिवशी सकाळी दादी ओटीच्या पायरीवर चक्कर येऊन बसल्या. कठडा हाताशी होता म्हणून वाचल्या. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि विचारलं, ‘गोळ्या चालू आहेत ना?’

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मुलाला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. चौदा वर्षांच्या पोराला बोलू नये असं होतं ते. तो काही बोलला नाही. कानांवर हेडफोन चढवले आणि खोलीचं दार लावून घेतलं. पुढचे कित्येक महिने आमच्यात ‘जेवलास का’ आणि ‘अभ्यास झाला का’ यापलीकडे फारसं बोलणं नव्हतं. घर चाललं होतं, पण गॅसपासून वीजबिलापर्यंत आणि दादीच्या औषधांपर्यंत आठही जागांवर मी एकटी धावत होते. मुलाला मी एकही जागा पुन्हा दिली नव्हती.

तर त्या रात्री मी कंट्रोलर हातात घेतला. पहिल्या तासात आमचं जहाज किती वेळा फुटलं ते मोजणं मी सोडून दिलं. डावीकडून शत्रू आला की दोघंही डावीकडच्या तोफेकडे धावायचो, शिडीवर एकमेकांना आडवे यायचो, आणि उजवीकडून जहाज फुटायचं. ढालीपाशी कुणीच नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, ‘तू कुठे होतीस? मला वाटलं तू शील्डवर आहेस!’

आवाज त्याचा होता, पण सूर माझा होता. गेल्या रमजानमधला.

मी म्हटलं, ‘मला वाटलं, तू आहेस.’

दोघंही गप्प झालो. मग तो हळूच म्हणाला, ‘दादीच्या गोळीसारखं झालं.’ वर्षभरात त्या गोष्टीचं नाव आमच्यात पहिल्यांदा निघालं होतं. मी म्हटलं, ‘हो रे. चूक दोघांची होती. मी बोलले फक्त तुला.’ त्याने काही उत्तर दिलं नाही. पुन्हा खेळ सुरू केला. पण हेडफोन गळ्यातच राहिले.

त्यानंतर आमचा एक नियम ठरला. जागा सोडताना बोलायचं. ‘तोफ सोडतेय.’ ‘शील्ड घेतली.’ ‘इंजिन बघ, मी वर चाललो.’ ऐकणाऱ्याला कटकट वाटेल, काकूंना भांडण वाटलं तसं. पण बोलू लागल्यापासून जहाज टिकू लागलं. या जहाजावर कुणाचा जीव वेगळा मोजत नाहीत. जीव जहाजाचा, ते फुटलं की दोघांचा डाव संपला. त्यामुळे ‘मी माझी तोफ नीट चालवली’ या म्हणण्याला तिथे काही अर्थ उरत नाही.

व्हिडिओ गेमची वकिली करायला मी बसलेली नाही. डोळे, झोप, अभ्यास, पैसा या सगळ्या काळज्या मलाही आहेत. रोज्याच्या वेळात खेळ बंद आणि इशाची अजान झाली की यंत्र बंद, हे आमच्याकडे पक्कं आहे. पण सगळे खेळ एका तराजूत तोलायचे नसतात, एवढं मी शिकले. बहुतेक खेळ मुलाला खोलीत नेतात. हा खेळ त्याला बाहेर घेऊन आला, कारण इंटरनेटवरून लांबच्या माणसाबरोबर खेळण्याची सोय खेळ रचणाऱ्यांनी त्यात ठेवलीच नव्हती. जोडीदार शेजारी बसलेला हवा. त्याचा कोपर लागायला हवा.

याची दुसरी बाजूही आहे. मुलाच्या अब्बांना यात जागा नाही. तिकडे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे आमचा इफ्तार उरकलेला असतो तेव्हा त्यांच्या इफ्तारला अवकाश असतो. कामावरून खोलीवर आलेले असतात, पोटात काही नसतं. ते व्हिडिओ कॉल लावतात. मुलगा मोबाइल टीव्हीकडे तोंड करून टेबलावर उभा करतो, पाण्याच्या तांब्याला टेकवून. मग कुवेतहून आवाज येतो, ‘डावीकडे! अरे, डावीकडे बघा!’ चित्र त्यांच्यापर्यंत थोडं उशिरा पोचतं, त्यामुळे त्यांनी ‘डावीकडे’ म्हणेपर्यंत डावीकडचा मारा होऊन गेलेला असतो. आम्ही तरीही ‘हो, हो’ म्हणतो. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे तिसरा माणूस आहे की तुमच्या जहाजावर.’ आहे. नकाशावर आहे, असं आम्ही धरतो.

त्या संध्याकाळी काकू लाडवांचा डबा मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसल्या. आम्ही पहिल्या टप्प्याच्या अखेरीला पोचलो होतो. तिथे सप्तर्षींच्या तारकासमूहातून एक भलंमोठं अस्वल जिवंत होऊन अंगावर येतं. दादीही पलंगावर उठून बसल्या. मुलगा इंजिनावर, मी ढालीवर, मग तोफेवर, मग पुन्हा ढालीवर. अस्वलाने पंजा मारला आणि आमचं जहाज फुटलं. काकू हळहळल्या. आणि तेवढ्यात इशाची अजान झाली.

यंत्र बंद झालं. मुलाने वजू केला, टोपी घातली. त्याला तरावीहला जायचं होतं, परतायला उशीर होणार होता. मी काकूंना दारापर्यंत सोडायला उठले. चप्पल घालता घालता तो मागे वळला आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला,

‘अम्मी, दादीची गोळी दिलीय. मी निघालो.’