जायरोस्कोप-संवेदक कसा वाचावा

जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेतील बृहत्सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. सवाई जयसिंहाच्या कारकीर्दीत, १७३४ च्या सुमारास, ही वेधशाळा पूर्ण झाली. यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर बांधलेली असून तिची सावली बाजूच्या वर्तुळखंडावरून दर सेकंदास सुमारे १ मिलिमीटर सरकते. पृथ्वीचे परिवलन येथे नुसत्या डोळ्यांनी वाचता येते.

याच शहरातील गोपालपुरा हा भाग शिकवणी-वर्गांमुळे विद्यार्थ्यांनी गजबजलेला असतो. समजा, तेथील एका विद्यार्थ्याने आपल्या टेबलावर एमपीयू-६०५० नावाचा जायरोस्कोप-संवेदक ठेवून तो एका मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एकाच चकतीवर सामावलेल्या लहानशा संगणकाला, जोडला आहे. संवेदकाची लांबी-रुंदी जेमतेम ४ मिलिमीटर. त्याचेही काम परिवलनाचा वेग मोजणे हेच होय.

फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली ज्या उपकरणास जायरोस्कोप हे नाव दिले, त्यात वेगाने फिरणारे जड चाक होते. या संवेदकात चाक नाही. त्यात सिलिकॉनचे अतिसूक्ष्म तुकडे सतत पुढेमागे कंप पावत असतात. फिरत्या चबुतऱ्यावर मध्यापासून कडेकडे सरळ चालू पाहणारा मनुष्य जसा बाजूला रेटला जातो, तसेच संवेदक वळताच हे तुकडेही किंचित बाजूला सरकतात. कोरिऑलिस या गणितज्ञाने १८३५ मध्ये ज्याचे विवेचन केले, तोच हा परिणाम. सरकण्याचे हे प्रमाण विद्युत्-धारितेतील फरकावरून मोजले जाते व अंकरूपाने संवेदकाच्या स्मृतीत नोंदले जाते.

हे अंक वाचण्याची आज्ञावली प्रत्येकाने नव्याने लिहिण्याचे कारण नाही. इतरांनी लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञावलींच्या संग्रहास ‘लायब्ररी’ म्हणतात, आणि नाव समर्पक आहे. तथापि ग्रंथालयातील पुस्तक घरी आणल्याने जसे ते वाचून होत नाही, तसेच येथेही आहे. संग्रह पडद्याआड काय करतो, हे एकदा तरी पाहून घ्यावे.

विद्युत्प्रवाह मिळाल्यावर हा संवेदक निद्रितावस्थेत असतो. १०७ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहिले की तो जागा होतो. मग ६७ ते ७२ या रजिस्टरांतून सहा बाइट वाचावयाचे; तीन अक्षांसाठी प्रत्येकी दोन, त्यांपैकी पहिला वरच्या स्थानाचा. वरचा बाइट १ आणि खालचा ६ असेल, तर संख्या २५६ अधिक ६, म्हणजे २६२ होते. सेकंदास २५० अंश ही कमाल मर्यादा निवडलेली असताना दर अंशामागे १३१ एकके मिळतात. म्हणून २६२ चा अर्थ सेकंदास २ अंश. जोडून आलेली संख्या ३२,७६७ हून मोठी असेल, तर तीतून ६५,५३६ वजा करावे. संवेदक उलट दिशेने वळत आहे असा त्याचा अर्थ. मर्यादा २,००० अंशांची निवडल्यास भाजक १३१ ऐवजी १६.४ घ्यावा लागतो. काही संग्रह तर अंश न देता रेडियन देतात. तेथे तेच २ अंश ०.०३५ असे दिसतात, आणि अनभिज्ञ विद्यार्थी संवेदकालाच नादुरुस्त ठरवितो.

खरी अडचण पुढेच आहे. टेबलावर निश्चल पडलेला संवेदकही शून्य दाखवीत नाही. निर्मात्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे ही शून्यच्युती सेकंदास २० अंशांपर्यंत असू शकते. म्हणून आरंभी संवेदक स्थिर ठेवून काही शे वाचने घेतात, त्यांची सरासरी काढतात व ती पुढील प्रत्येक वाचनातून वजा करतात. या वेळी टेबलाला धक्का लागला, तर त्या धक्क्याचीही गणना ‘शून्या’त होते.

ही दक्षता घेऊनही थोडी चूक उरतेच, कारण तपमान बदलले की शून्यही ढळते. संवेदक वेग सांगतो, कोन नव्हे. कोन हवा असल्यास वेगास काळाने गुणून बेरीज करीत जावे लागते, आणि या बेरजेत चूकही साचत जाते. सेकंदास केवळ ०.०२ अंशाची चूक दहा मिनिटांत १२ अंशांची होते. याच कारणास्तव स्वयंचलित विमानांत जायरोस्कोपच्या जोडीला गुरुत्वाची दिशा सांगणारा त्वरणमापक आणि बहुधा होकायंत्रही ठेवतात.

आता पुन्हा सम्राट यंत्राकडे वळू. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सेकंदास सुमारे ०.००४२ अंश. संवेदक त्या तिरप्या भिंतीला समांतर धरला, तर या गतीने त्याच्या वाचनात पडणारी भर जेमतेम अर्ध्या एककाची असेल, आणि वाचनातील स्वाभाविक थरथर त्याहून कितीतरी मोठी असते. शिवाय विद्यार्थ्याने ज्या टेबलाला स्थिर मानून शून्य ठरविले, ते टेबल जयपुरासह फिरतच होते. सरासरी वजा करताना त्याने चुकीबरोबर पृथ्वीचे परिवलनही वजा करून टाकले!

ते वेगळे काढण्याची युक्ती मात्र आहे. एकदा अक्ष पृथ्वीच्या अक्षाच्या दिशेने व एकदा नेमका उलट धरून वाचने घ्यावीत. संवेदकाची स्वतःची चूक दोन्ही वेळा तीच राहते, पृथ्वीच्या गतीचे चिन्ह मात्र पालटते. म्हणून दोन सरासऱ्यांतील फरकाचे अर्ध हे पृथ्वीच्या गतीचे माप होय. अट एवढीच की, दोन वाचनांच्या दरम्यान शून्य ढळता कामा नये. या स्वस्त संवेदकात ते एक एककभरही ढळू न देणे अतिशय कठीण असते. अधिक काटेकोर व महागड्या जायरोस्कोपांच्या बाबतीत हीच पद्धत उत्तर दिशा शोधण्यासाठी वापरतात.