ऋतू बदलताना मन उदास होते? कारणे, घरी करायचे उपाय आणि डॉक्टरांकडे कधी जावे

होळी झाली की सोलापूरचे ऊन चटका देऊ लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि काही दिवस ४३-४४ पर्यंतही पोहोचतो. या दिवसांत "कशातच मन लागत नाही", "रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही", "कुणी काही बोललं की राग येतो" अशा तक्रारी आम्ही ऐकतो. "उन्हामुळे होत असेल, पाऊस पडला की बरं वाटेल" असे म्हणून बहुतेक जण दिवस काढतात. अनेकांना तसे बरे वाटतेही. पण काही जणांना खरोखरच नैराश्याचा आजार झालेला असतो आणि सगळा दोष उन्हाला दिल्यामुळे उपचार लांबतात. म्हणून हा फरक ओळखता येणे महत्त्वाचे आहे.

ऋतूशी जोडलेले नैराश्य म्हणजे काय?

ठरावीक ऋतूत दरवर्षी येणाऱ्या आणि ऋतू बदलला की कमी होणाऱ्या नैराश्याला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' म्हणतात. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचे वर्णन केले. मोबाईलवर याबद्दल जे वाचायला मिळते, ते बहुतेक थंड देशांतील हिवाळ्याबद्दल असते. लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस जेमतेम ८ तासांचा असतो. सोलापुरात वर्षातला सर्वांत लहान दिवसही साधारण ११ तासांचा असतो. त्यामुळे उजेड कमी पडणे हे आपल्याकडे सहसा मुख्य कारण नसते आणि त्यासाठी परदेशात वापरतात तो खास दिवा विकत घेण्याची गरज सहसा पडत नाही.

या आजाराचा उन्हाळी प्रकारही असतो, मात्र तो कमी आढळतो. हिवाळी प्रकारात झोप आणि भूक वाढते, गोड खावेसे वाटते. उन्हाळी प्रकारात झोप उडते, भूक मरते, वजन घटते आणि जीव बेचैन होतो.

आपल्याकडे मन का बिघडते?

सर्वांत मोठे कारण म्हणजे झोप. गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे खाली यावे लागते. दिवसभर तापलेला स्लॅब किंवा पत्रा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे झोप उशिरा लागते आणि सारखी मोडते. त्यात नळाला अवेळी आलेले पाणी भरायला उठावे लागते, तर यंत्रमागावर रात्रपाळी असली की दिवसाच्या उकाड्यात झोपावे लागते. असे आठवडाभर चालले तर कोणाचेही मन खचते.

दुसरे कारण म्हणजे शरीरातले पाणी कमी होणे. त्याने थकवा, डोकेदुखी आणि चिडचिड वाढते. तिसरे कारण जूनमध्ये येते. शाळेची फी, पेरणीचा खर्च आणि पावसाची वाट हे सगळे एकदम अंगावर येते. सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरमध्ये असतो, म्हणजे ही वाट पाहणे लांबते. ही चिंता खरी असते. तिला 'मनाचे खेळ' म्हणू नका.

साधी उदासी की नैराश्य?

साधी उदासी येते-जाते. चांगली झोप झाली, पाऊस पडला, घरी पाहुणे आले की मन थोडे तरी उजळते. पुढील लक्षणे मात्र दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ राहिली तर नैराश्याची शंका घ्यावी:

- मन सतत उदास राहणे किंवा आवडीच्या गोष्टीतही रस न वाटणे
- झोप किंवा भूक खूप कमी अथवा खूप जास्त होणे
- अंगात त्राण नसणे, कामात लक्ष न लागणे
- आपण निरुपयोगी आहोत, घरच्यांवर ओझे आहोत असे वाटणे
- जगणे नको वाटणे

पुरुषांमध्ये उदासीऐवजी राग किंवा वाढलेली दारू दिसू शकते. वयस्कर माणसे मनाचे न सांगता अंगदुखी किंवा पोटाची तक्रार सांगतात.

घरी काय कराल?

- उठण्याची वेळ एकच ठेवा. रात्री झोप झाली नाही तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठा. दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा.
- सकाळचा उजेड घ्या. उन्हाळ्यात आठच्या आत २०-३० मिनिटे चाला. पावसाळ्यात आभाळ भरलेले असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो.
- रात्रीची खोली थंड करा. झोपण्यापूर्वी अंघोळ करा, खिडक्या उघडा, सुती कपडे घाला. गच्ची सुरक्षित असेल तर तिथे झोपा.
- चार वाजल्यानंतर चहा टाळा. त्याऐवजी ताक किंवा पाणी घ्या. झोपेसाठी दारू घेऊ नका. तिने झोप मोडते आणि उदासी वाढते.
- रोज एक छोटे काम ठरवा. मन लागेल तेव्हा करू, असे म्हणू नका. काम सुरू केले की मन हळूहळू मागून येते.

मनाची औषधे चालू असतील तर

तुम्ही लिथियम घेत असाल तर उन्हाळ्यात जास्त काळजी घ्या. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातील लिथियम वाढू शकते. पुरेसे पाणी प्या, मीठ एकदम बंद करू नका आणि अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. उलट्या, जुलाब, हातांना जास्त थरथर किंवा चालताना तोल जाणे सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. मनाच्या काही इतर औषधांमुळे घाम कमी येतो, म्हणून भर दुपारी बाहेर पडणे टाळा. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका.

उन्हातून आलेली व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा अंग खूप तापले तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.

घरच्यांनी काय करावे?

"जरा बाहेर जा, बरं वाटेल" असे सांगून आजारी माणूस उठत नाही. "चल, मी पण येतो, सिद्धेश्वर तलावापर्यंत जाऊन येऊ" असे म्हटले तर उठण्याची शक्यता जास्त असते. उपदेश कमी करा, ऐका जास्त. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट मनावरचा भार हलका होतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

लक्षणे दोन आठवडे टिकली, काम बंद पडले किंवा दरवर्षी त्याच महिन्यांत असे होत असेल तर वाट पाहू नका. थायरॉइड, रक्तातील हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावे लागू शकते, कारण त्यांच्या कमतरतेची लक्षणेही अशीच दिसतात. पूर्वी कधी खूप उत्साह, कमी झोपेतही प्रचंड ताकद, वारेमाप खर्च असे दिवस आले असतील तर तेही सांगा. त्यावर औषध कोणते द्यायचे, हे ठरते. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येते. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. जीव देण्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा, आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नका.

पाऊस येईल तेव्हा येईल. उपचारासाठी त्याची वाट पाहण्याची गरज नाही.