हाली, कलदार आणि चिंतामणराव : एका अर्थप्रशासकाची दीर्घ सेवा

धाराशिव जिल्ह्यातील ज्या व्यापारी घराण्यांनी निजामी राजवटीतील वह्या अद्याप जपून ठेवल्या आहेत, त्यांना ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन शब्द परिचयाचे असतील. हाली म्हणजे हैदराबाद संस्थानचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजी अमलातील रुपया. सात हाली रुपयांना सहा कलदार हा त्यांचा ठरलेला भाव होता. शंभर कलदार रुपयांसाठी एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली मोजावे लागत. बार्शी आणि सोलापूर ही इंग्रजी मुलखातील बाजारपेठ, तर धाराशिव, कळंब, लातूर ही संस्थानातील. माल बार्शीला उतरवावा, पैसा कलदारात यावा आणि घरचा खर्च मात्र हालीत व्हावा, अशी तेव्हाची रीत होती. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. दोन चलनांच्या रुजवातीत मुनिमांची संध्याकाळ जात असे.

या दोन चलनांचे एक चलन झाले ते भारताच्या आर्थिक एकीकरणामुळे. ते घडत असताना दिल्लीत अर्थखाते सांभाळणारे गृहस्थ मराठी होते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्यांचे नाव. आपल्या जिल्ह्यात त्यांनी कधी नोकरी केली नाही; परंतु आपल्या पेढ्यांच्या वह्यांवर त्यांच्या कारकिर्दीचा जो ठसा उमटला, तो फारच थोड्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला आला असेल.

नाते ते लंडन

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील रोह्यास वकिली करीत. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला.

त्याच सुमारास लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. सरकारी नोकरी सोडून देशकार्यात पडावे, असा विचार या तरुणाच्या मनात घोळत होता. तुम्ही मिळविलेला कारभाराचा अनुभव उद्या स्वराज्याला लागणार आहे, तेव्हा नोकरी करा, अशा आशयाचा सल्ला लोकमान्यांनी दिल्याचे सांगितले जाते. तो सल्ला किती दूरदर्शी होता, हे पुढील चाळीस वर्षांनी दाखवून दिले.

मध्य प्रांत व वऱ्हाड येथे देशमुखांनी सुमारे दोन दशके काढली. जमीन-महसुलाचा बंदोबस्त, महसूल खाते, अर्थखाते अशा पायऱ्या त्यांनी एकामागून एक चढल्या. शेतसाऱ्याचा आकार कसा ठरतो, पाऊस हुकला की तिजोरीचे काय होते, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे तर तालुक्याच्या कचेरीतून जाणून घेतले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेतही त्यांनी सचिव म्हणून काम पाहिले.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेच्या कामाशी जोडले गेले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नरपदी बसले. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. काळ महायुद्धाचा होता. भाववाढ होत होती, बंगालात दुष्काळ पडला होता आणि इंग्लंडने युद्धासाठी येथून घेतलेल्या मालाचा मोबदला लंडनच्या खात्यात नुसता जमा होत होता. युद्ध संपले तेव्हा हे येणे सुमारे १,७०० कोटी रुपयांच्या घरात गेले होते. देणेकरी बलाढ्य असला की वसुली किती अवघड होते, हे व्यापाऱ्यांना निराळे सांगावे लागत नाही. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या परिषदेत भारतीय प्रतिनिधींनी, आणि त्यांत देशमुखांनी, हा प्रश्न मांडला. तेथे त्याची तड लागली नाही. परंतु आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्थांत भारत प्रारंभापासून सदस्य राहिला.

जानेवारी १९४६ मध्ये सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा वटहुकमाने रद्द केल्या. सुमारे १४४ कोटी रुपयांच्या नोटांपैकी जवळपास १३५ कोटींच्या नोटा लोकांनी बदलून घेतल्या. काळा पैसा हुडकण्याचा हेतू कितपत सफल झाला, हे या दोन आकड्यांवरूनच उमगते.

त्यानंतर फाळणी आली. देश दोन झाले तरी मध्यवर्ती बँक काही काळ एकच होती. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेने पाकिस्तानच्या चलनाचाही कारभार पाहिला. भाऊबंदांच्या वाटणीत घर, शेत आणि भांडीकुंडी मोजली जातात. येथे नोटा, सोने आणि कर्ज यांची वाटणी करावयाची होती. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी ३० जून रोजी देशमुख गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले.

अर्थमंत्री आणि आपला जिल्हा

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर आल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. राजकीय विलीनीकरण पाच दिवसांत झाले; आर्थिक विलीनीकरणाला त्यापुढे अनेक वर्षे लागली. १ एप्रिल १९५० पासून संस्थानांची तिजोरी केंद्राच्या अर्थव्यवस्थेशी जोडण्यास आरंभ झाला आणि केंद्राचा आयकर कायदा आपल्या भागाला लागू झाला. दोनच महिन्यांनी, १ जून १९५० रोजी, देशमुखांनी अर्थमंत्रिपद स्वीकारले.

१९५३ मध्ये हैदराबादच्या नाण्यांविषयी आणि कागदी चलनाविषयी कायदा झाला आणि हाली चलन टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आले. ज्या निजामाचे नाव आपल्या जिल्ह्याला होते, त्याच्याच नावाचा उस्मानिया सिक्का दशक संपेपर्यंत इतिहासजमा झाला. करोडगिरीचे नाकेही गेले. बार्शी आणि येडशी यांच्यामधील सरहद्द व्यापारापुरती पुसली गेली.

त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९५३ पासून, मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील कर अमलात आला. एकत्र कुटुंबातील हिश्शासाठी पन्नास हजार रुपयांची आणि इतर मालमत्तेसाठी एक लाखाची मर्यादा ठेवण्यात आली होती. एकत्र कुटुंबाची पेढी चालविणाऱ्यांना हा भेद खुपणे स्वाभाविक होते. हा कर पुढे १९८५ मध्ये रद्द झाला. देशमुखांचे सर्वच निर्णय व्यापारी वर्गाला रुचले असे म्हणणे खरे होणार नाही, आणि तसे म्हणण्याचे प्रयोजनही नाही.

याच काळात ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी झाली. तिचे आकडे आपण मुळातून विचारात घ्यावेत असे आहेत. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे सत्तर टक्के, व्यापारी व अडत्यांचा साडेपाच टक्के, सहकारी संस्थांचा तीन टक्क्यांच्या आसपास आणि व्यापारी बँकांचा तर एक टक्क्याहूनही कमी होता. या पाहणीच्या शिफारशीवरून १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. १९४१ च्या हैदराबाद स्टेट बँकेचे १९५६ मध्ये ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ असे नामांतर झाले. मराठवाड्यातील व्यापाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांची खाती त्या बँकेत होती. २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९ जानेवारी १९५६ रोजी देशमुखांनीच आकाशवाणीवरून जाहीर केले. कंपनी कायदाही त्याच वर्षीचा.

राजीनामा

जानेवारी १९५६ मध्येच मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. शहरात आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मृत्युमुखी पडली. कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेलेल्या देशमुखांनी राजीनामा देऊ केला. तो जुलैमध्ये मार्गी लागला. लोकसभेतील निवेदनात त्यांनी दोन गोष्टी स्पष्टपणे मांडल्या : निर्णय घेण्याची पद्धत मंत्रिमंडळाच्या शिस्तीला धरून नव्हती, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारणे गैर होते.

जन्मभर आकडे मांडणाऱ्या या माणसाने देशातील अत्यंत महत्त्वाचे पद एका तत्त्वासाठी सोडले. त्यात हिशेब नव्हता असे नाही. आज्ञा पाळणे हा अधिकाऱ्याचा धर्म. परंतु मंत्र्याने ज्या निर्णयाचे समर्थन करावयाचे, तो त्याच्या विवेकाला पटला पाहिजे, हा भेद त्यांनी ओळखला होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये मुंबईसह महाराष्ट्र झाला.

पुढे त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोग आणि दिल्ली विद्यापीठ यांची धुरा वाहिली. १९५९ मध्ये उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी कायमचे निःपक्षपाती न्यायासन असावे, अशी मागणी त्यांनी जाहीरपणे केली. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणणारेही हेच. पत्नी दुर्गाबाई देशमुख यांचे समाजकार्य तर सर्वश्रुत आहे. २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावांनी हैदराबाद येथे देह ठेवला.

आपल्यासाठी दोन गोष्टी

आपली मुले-मुली आता सनदी लेखापाल होतात, बँकांत जातात. शासनाच्या वित्त व लेखा सेवेकडे मात्र क्वचित वळतात. कर भरणाऱ्या घरात वाढलेला तरुण कर आकारणाऱ्या टेबलामागे बसला, तर दोन्ही बाजू त्याला उमजतील. या सेवेच्या स्पर्धापरीक्षांची माहिती दहावी-बारावीच्या वयातच मुलांना करून द्यावी.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. दुकानाचे नूतनीकरण करताना लाल बासनांतील जुन्या वह्या सर्रास रद्दीत जातात. दिल्लीत झालेला निर्णय धाराशिवच्या बाजारात कसा उतरला, हाली कोणत्या दिवशी थांबली, बट्टा किती बसला, याचा पुरावा सरकारी दप्तरात जितका सापडेल त्याहून अधिक या वह्यांत आहे. त्या मोडी लिपीत असोत वा मारवाडी-गुजराती अक्षरांत, कसरीपासून जपाव्यात. घरातील वडीलधाऱ्यांकडून त्या एकदा वाचून घ्याव्यात, पानांची छायाचित्रे काढावीत आणि शक्य असल्यास जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवाव्यात. वाचू शकणारी पिढी अजून घरात आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.